गुन्हा दाखल झालाय? पहिल्या काही दिवसांतल्या या चुका टाळा

नाव एफआयआरमध्ये आल्याचं कळलं की घरात दोन सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, आत्ताच्या आत्ता ठाण्यात जा आणि साहेबांना सगळं सांगून मोकळा हो. दुसरा म्हणतो, महिनाभर गावाला जा, तोवर प्रकरण थंड होईल. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्हींमुळे खटले बिघडतात. फौजदारी कायद्याने आरोपीला भरपूर हक्क दिलेत, पण त्यांतले बरेचसे मुदतीचे आहेत आणि मागितल्याशिवाय पदरात पडत नाहीत. कुटुंबं नेमकी इथेच चुकतात.

एफआयआर हातात नसताना धावपळ करणे

‘केस झालीय’ एवढ्यावर विसंबून लोक वकिलाकडे, नगरसेवकाकडे, ओळखीच्या हवालदाराकडे पळतात. आधी एवढंच शोधा: दाखल झालं ते एनसी आहे की एफआयआर? एनसी असेल, म्हणजे गुन्हा अदखलपात्र असेल, तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. निम्मी घबराट इथेच ओसरते. एफआयआर असेल तर तिची प्रत मिळवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार, लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे सोडून बाकीच्या एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायच्या असतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकून त्या शोधता येतात.

प्रत मिळाली की कलमं बघा, पण इंटरनेटवरचा जुना लेख उघडून त्यांचा अर्थ लावू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. आकडे सगळे फिरले. सगळ्यात मजेशीर घोळ ४८२ चा. जुन्या प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे हायकोर्टात गुन्हा रद्द करून घेण्याचं कलम, नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. गुन्हा रद्द करायला आता ५२८ आहे. ‘चारसोबीस’ तोंडात राहिलं असलं तरी फसवणूक आता ३१८(४) मध्ये बसते. मात्र १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या कृत्याला गुन्ह्याची कलमं जुनीच लागतात.

‘साहेबांनी जरा बोलावलंय’

फोन येतो, लोक एकटेच निघतात. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलं आहे. अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या (यापुढे नुसतं ‘कलम’ लिहिलंय ते याच संहितेचं) कलम ३५(३) खाली हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची असते. नोटिशीप्रमाणे तुम्ही हजर होत राहिलात तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. म्हणजे ही नोटीस मुळात तुमचं संरक्षण आहे. ती आली की लोक घाबरून फोन बंद करतात आणि हातचं संरक्षण घालवतात. नोटीस मोडली तर तेच अटकेचं कारण होतं. आजारपण किंवा परगावची अडचण असेल तर मुदत मागणारा अर्ज लिहा, ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी ‘साहेब, सोमवारी येतो’ याची कुठेही नोंद होत नाही.

ही नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये राज्यांना सांगितलं आहे. तरीही तसा मेसेज आला तर दुर्लक्ष न करता वकिलाला दाखवा. मात्र व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, पैसे ट्रान्सफर करा’ म्हणत असेल तर फोन ठेवून १९३० वर तक्रार करा. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारतातल्या कुठल्याच कायद्यात नाही.

घरातली बाई, ६० वर्षांवरचे आजोबा किंवा १५ वर्षांखालचा मुलगा यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही. कलम १७९ प्रमाणे त्यांचा जबाब राहत्या जागी घ्यायचा असतो. स्वखुशीने गेलात तर गोष्ट वेगळी. बहुतेक घरं हे माहीत नसल्यामुळे ‘स्वखुशीने’ जातात.

सगळं सांगून मोकळं होणे

मला वाटतं सर्वांत महाग चूक ही. ‘मी काही केलंच नाही, मग लपवू कशाला?’ हा विचार माणूस म्हणून चांगला आहे, आरोपी म्हणून धोक्याचा. घाबरलेला माणूस वेळा चुकवतो, नावं गाळतो, दुसऱ्यांदा विचारलं की वेगळं सांगतो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मध्ये लिहिलेलं आहे. नाव, पत्ता, ओळख खरी सांगा. घटनेबद्दल ‘वकिलांशी बोलून सांगतो’ म्हणणं हा उद्धटपणा नाही. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देतं. वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही.

सह्यांचंही तसंच. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. अटक पंचनाम्यावर मात्र तुमची सही लागते. ती करा, पण आधी तारीख आणि वेळ वाचा. कोऱ्या कागदावर किंवा अर्ध्या भरलेल्या फॉर्मवर सही करू नका.

‘पोलिसांपुढे कबूल केलं, आता संपलं’ असंही नसतं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ सांगतं. पण त्याच कलमात एक फट आहे. तुम्ही दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. ‘निवेदन पंचनामा’ म्हणतात तो याचसाठी असतो. आधीच सापडलेली वस्तू नंतर आरोपीने ‘काढून दिली’ असं कागदावर येतं का, हे बचावाचा वकील अगदी बारकाईने बघतो. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ ने बंधनकारक केलं आहे, त्यामुळे चित्रीकरण झालं का आणि कोणत्या वेळेचं आहे हे आठवणीने विचारा.

अटकेनंतरचे २४ तास वाया घालवणे

अटक झाली की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. घरच्यांना कळवणं, वैद्यकीय तपासणी करणं, अटक पंचनाम्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित साक्षीदाराची सही घेणं ही पोलिसांची कर्तव्यं आहेत. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद असेल तेव्हाही महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी घ्यायची असते.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे अटकेची कारणं. वरळीच्या अपघात प्रकरणातून निघालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम घालून दिला: गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, आणि लगेच शक्य नसेल तर रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. नाहीतर अटक आणि रिमांड बेकायदा ठरतात. ‘कागद मिळाला का? कधी मिळाला? मराठीत होता का?’ हे प्रश्न वकिलाने पहिल्या रिमांडलाच उभे करायला हवेत. महिनाभराने आठवण झाली तर त्यातला जोर गेलेला असतो.

पहिल्या हजेरीला मॅजिस्ट्रेट विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ शेजारी तेच पोलीस उभे असतात, परत त्यांच्याच गाडीतून जायचं असतं, आणि माणूस ‘नाही’ म्हणतो. मारहाण झाली असेल तर सांगण्याची जागा हीच. तक्रार कोर्टाच्या रोजनाम्यात येते, पुन्हा वैद्यकीय तपासणी मागता येते. ‘नाही’ म्हणून ठेवलं की पुढे तेच उत्तर तुमच्याविरुद्ध वाचून दाखवलं जातं.

वकील नाही म्हणून गप्प बसणे

कोठडीतला माणूस, स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, कायदा १९८७ चा आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, अनेक जिल्ह्यांत पूर्णवेळ लोक अभिरक्षकही (मोफत बचाव करणारे वकील) नेमलेले आहेत. १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक. ‘फुकटचा वकील काय लढणार’ हे ऐकून जमीन गहाण टाकण्याआधी एकदा तिथे जाऊन या.

जामिनाबद्दलचे गैरसमज

जामीनपात्र गुन्हा असेल तर जामीन हा हक्कच आहे, तो ठाण्यातही मिळतो. आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर माणूस निर्धन आहे असं गृहीत धरून जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सोडायचं असतं.

अटकपूर्व जामिनाचा अर्ज दाखल केला की अटक थांबली, ही समजूत खोटी. सेशन कोर्टात अर्ज गेला, कोर्टाने पोलिसांचा ‘से’ म्हणजे लेखी म्हणणं मागवलं, तारीख चार दिवसांनी पडली. या चार दिवसांत अटक होऊ शकते. त्यामुळे त्याच दिवशी अंतरिम संरक्षण मागायचं असतं. ॲट्रॉसिटी कायद्याखाली अटकपूर्व जामिनाला मनाई आहे. तक्रारीत प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तेवढाच अपवाद. अमली पदार्थ आणि मकोका यांचे जामिनाचे नियमही वेगळे आणि कडक आहेत. शेजाऱ्याच्या मुलाला मिळाला म्हणून तुम्हाला मिळेल असं नाही.

आता सर्वांत जास्त हुकणारा हक्क. तपास ठरल्या मुदतीत संपवून दोषारोपपत्र आलं नाही तर गुन्हा किती गंभीर आहे हे न बघता आरोपीला जामीन मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ही मुदत ९० दिवस, बाकीच्यांना ६० दिवस. मोजणी अटकेपासून नाही तर पहिल्या रिमांडच्या दिवसापासून आणि तो दिवस धरून. मुदत उलटली आणि तुम्ही अर्ज केला नाही, तेवढ्यात दोषारोपपत्र आलं, की हक्क गेला. एका दिवसाचा, कधी काही तासांचा खेळ असतो. पहिल्या रिमांडची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि ५५ व्या किंवा ८५ व्या दिवशी वकिलाला स्वतः फोन करा. मुदतीच्या आत जामीन मागितला की ‘आधी दोषारोपपत्र येऊ दे’ हे उत्तर बऱ्याचदा ऐकू येतं, पण मुदत उलटल्यावरच्या अर्जाला ते लागू नाही.

जामीन मंजूर झाल्यावरही लोक आत राहतात, कारण जामीनदाराचे कागद नसतात. सातबारा, पगारपत्रक, रेशनकार्ड, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला यांची जुळवाजुळव आदेशाची वाट न बघता आधीच सुरू करा. रोख जामिनावर सोडून जामीनदारासाठी काही आठवड्यांची मुदत मागता येते. कोर्टाच्या आवारात ‘जामीनदार पाहिजे का’ विचारत फिरणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्यांचे कागद बनावट निघाले तर एका गुन्ह्याचे दोन होतात.

फोन साफ करणे आणि फिर्यादीला गाठणे

चॅट डिलीट करणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, त्याला न्याय संहितेत कलम २३८ स्वतंत्र आहे. आणि डिलीट केलेल्यात तुमच्या बाजूचाही पुरावा जातो. उलट करा: घटनेच्या वेळी तुम्ही दुसरीकडे होतात तर टोलची नोंद, यूपीआयचा व्यवहार, सोसायटीचं सीसीटीव्ही लगेच जपा. डीव्हीआरवर जुनं चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं. ते राखून ठेवण्यासाठी कोर्टात अर्ज देता येतो. मारामारीत तुम्हालाही लागलं असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा, आठ दिवसांनी काढलेल्या दाखल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

फिर्यादीच्या घरी माणसं पाठवून ‘केस मागे घे’ म्हणायला लावणं ही तर हमखास जामीन रद्द होण्याची वाट. शिवाय फिर्यादीने ठाण्यात जाऊन एफआयआर ‘मागे घेता’ येतच नाही. गुन्हा तडजोडपात्र असेल तर कलम ३५९ खाली कोर्टापुढे मिटतो. नसेल तर दोन्ही बाजूंनी हायकोर्टात जाऊन ५२८ खाली रद्द करून घ्यावा लागतो, आणि खून, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांत तडजोड झाली तरी कोर्ट सहसा ऐकत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे.

जामीन मिळाला की प्रकरण विसरणे

तारखेला गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं. येणं शक्य नसेल तर वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा. ई-कोर्ट्स ॲपवर खटल्याचा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते, वकिलाच्या कारकुनाला फोन करत बसावं लागत नाही.

दोषारोपपत्राच्या प्रती मोफत मिळतात. त्या पानापानाने वाचा, कारण पुराव्यात काहीच नसेल तर खटला उभा राहण्याआधीच दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. नव्या संहितेने त्याला ६० दिवसांची मुदत घातली आहे, जी पूर्वी नव्हती. मॅजिस्ट्रेटकडच्या वॉरंट खटल्यात (दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांच्या) ती प्रती मिळाल्यापासून मोजतात, सेशनच्या खटल्यात खटला वर्ग झाल्यापासून. जुन्या सवयीच्या वकिलांचीही इथे गफलत होते.

‘गुन्हा कबूल करा, दंड भरून सुटा’ हा सल्ला छोट्या प्रकरणात सर्रास मिळतो. दंड लहान असला तरी नोंद दोषसिद्धीची होते, आणि पोलीस भरती किंवा सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती समोर येते. आधीच सरकारी नोकरीत असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की महाराष्ट्र नागरी सेवा नियमांप्रमाणे निलंबन झालंच असं मानलं जातं. अटक कार्यालयापासून लपवली तर लपवाछपवीची वेगळी चौकशी मागे लागते.

जप्त झालेली मोटारसायकल किंवा फोन निकालापर्यंत ठाण्यात गंजत ठेवायची गरज नाही, मुद्देमाल परत मिळवण्याचा अर्ज कलम ४९७ किंवा ५०३ खाली तपास चालू असतानाही करता येतो. आणि निर्दोष सुटलात तर निकालाची प्रमाणित नक्कल त्याच आठवड्यात काढून ठेवा. ठाण्याच्या नोंदीत गुन्हा दिसत राहतो, आणि पासपोर्टच्या पडताळणीला आलेला हवालदार तीच नोंद बघून प्रश्न विचारतो.