‘राजवाडा’ शोधल्यावर ‘राजवाड़ा’ची नोंद सापडत नव्हती: माझा अनुभव

इंदूरसाठीच्या हरवले-सापडले ॲपमधली अडचण: मराठीत ‘राजवाडा’ शोधले की हिंदीत ‘राजवाड़ा’ लिहिलेली पर्सची नोंद येत नसे, कारण ‘ड़’खाली नुक्ता (टिंब) असतो. फार जीव खाल्ला याने. अक्षरांतला फरक मोजून ‘जवळपास’ शब्द जुळवले, तर ‘माळ’ आणि ‘माल’ एक झाले. एनएफसी (युनिकोड या अक्षर-मानकातले, अक्षर व चिन्ह शक्य तिथे एकत्र ठेवणारे रूप) हेही अपुरे, कारण त्यात ‘ऱ’चा नुक्ता अक्षरातच राहतो.

चालले ते असे. आधी एनएफडी (अक्षर व चिन्ह सुटे करणारे रूप), मग सुटा झालेला नुक्ता काढायचा, नंतर झेडडब्ल्यूजे व झेडडब्ल्यूएनजे (अक्षरे जोडणारी-तोडणारी अदृश्य चिन्हे) काढायची. हा मजकूर वेगळ्या रकान्यात ठेवायचा. मूळ नोंद जशीच्या तशी दाखवायची. शोधशब्दावरही हीच प्रक्रिया, आणि जुन्या नोंदींची अनुक्रमणिका (शोधासाठीची सूची) पुन्हा बांधायची, नाहीतर त्या सापडणारच नाहीत. किल्ली-चाबी, पाकीट-बटुआ यांना मात्र समानार्थी शब्दांची यादीच लागते.