शरदातील भटकंती आणि कुत्र्याच्या पंजातील कुसळे

पाऊस सरल्यावर सह्याद्रीच्या पायथ्याची माळराने कुत्र्याला हुंदडण्यासाठी उत्तम असतात. मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत पिवळे पडू लागले की कुसळी गवताची टोकदार कुसळे त्याच्या केसांत अडकतात आणि टोकाजवळच्या उलट्या, राठ लवेमुळे ती मागे न निघता कातडीत पुढेच सरकत राहतात. म्हणून फिरून आल्यावर त्याला उजेडात बसवून पंजाची बोटे एकेक करून फाकवावीत, कानांच्या पाळ्या उलटून पाहाव्यात आणि काखेत व जांघेत केसांच्या उलट दिशेने हात फिरवावा. वर दिसणारे कुसळ चिमट्याने सरळ ओढून काढता येते. परंतु कुत्रा एकच पंजा सारखा चाटत असेल किंवा मान एका बाजूला कलती करून कान झटकत असेल, तर आत काहीतरी रुतले असण्याची शक्यता धरून त्याला पशुवैद्यांकडेच न्यावे. घरच्या घरी कानात चिमटा घालणे हे निव्वळ धाडस ठरते.

याच तपासणीत गोचिडीही सापडतात. त्या कातडीलगत धरून सावकाश उपटाव्यात. रॉकेल लावण्याचा जुना उपाय, कितीही खात्रीने सांगितला जात असला तरी, टाळावा.

ऑक्टोबरचे ऊन फसवे असते, त्यामुळे पग किंवा बुलडॉगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना सकाळी लवकरच फिरवून आणावे. पिण्याचे पाणी सोबत न्यावे, कारण साचलेल्या डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो.