सायलेन्सरच्या टोकाची काजळी: आधी धातू ओळखा, मग पॉलिशची डबी उघडा

गाडी धुऊन लख्ख होते, टायर काळेभोर दिसू लागतात आणि मागे सायलेन्सरचं टोक मात्र चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखं राहतं. मग घाईघाईने मेटल पॉलिश लावून चोळायला सुरुवात होते. चूक इथेच होते. त्या काळ्या थरात नुसता कार्बन नसतो. रस्त्याची बारीक वाळू आणि ब्रेकमधून उडालेली लोखंडी पूडही त्यात अडकलेली असते. वरून पॉलिश चोळलं की हीच वाळू धातूवर फिरते आणि चकाकीऐवजी ओरखडे उठतात. निम्म्याहून अधिक काम धुण्याचं आहे. पॉलिशची पाळी शेवटी येते.

टोक कशाचं आहे?

फ्रिजवरचा चुंबक घ्या. चिकटला नाही किंवा जेमतेम ओढला गेला, तर बहुधा ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील आहे. हे सगळ्यात सोसणारं, चुकलं तरी सावरता येतं. चुंबक घट्ट बसला, तर लोखंडावर क्रोमचा मुलामा असू शकतो किंवा ४०९ सारखं चुंबकाला धरणारं स्वस्त स्टेनलेस. क्रोम आरशासारखा आणि किंचित निळसर दिसतो, आणि जुना झाला की कडेला पापुद्रे सुटतात. शोभेच्या क्रोमचा वरचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, त्यामुळे तो कधीही वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या बारीक सँडपेपरने) घासायचा नाही.

मॅट काळं टोक म्हणजे रंग किंवा पावडर कोटिंग. त्याला फक्त शाम्पू आणि सौम्य क्लीनर, पॉलिश अजिबात नको. टायटॅनियमच्या टोकावरचा निळा-जांभळा रंग म्हणजे पातळ ऑक्साइडचा थर. तो घासला की रंगच जातो. आणि एकदा टिचकी मारून पाहा! हल्ली बऱ्याच गाड्यांच्या बंपरमध्ये दिसणारं चकचकीत ‘टोक’ प्लास्टिकचं असतं आणि खरी नळी आत खाली वाकलेली असते. प्लास्टिकला पाणी, शाम्पू आणि मऊ कापड पुरे.

धुणं

गाडी बंद करून किमान तास-दीड तास थांबा. गरम धातूवर क्लीनर लगेच वाळतो आणि डाग सोडतो. हँडब्रेक ओढा, हातमोजे घाला, टोकाभोवती बंपरवर मास्किंग टेप लावा.

आधी पाण्याने सुटी माती काढा, पण पाइप नळीच्या आत रोखून धरू नका. चुकून पाणी गेलंच, तर काम संपल्यावर १५-२० मिनिटं गाडी चालवून आणा. मग ऑल-पर्पज क्लीनर किंवा डीग्रीजर साधारण १ भागाला ४ भाग पाणी या प्रमाणात (बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा) फवारा. ३ ते ५ मिनिटं मुरू द्या, वाळू मात्र देऊ नका. बाहेरून जुना टूथब्रश, आत बाटली धुण्याचा लांब ब्रश. आत बोटभर लांबीपर्यंत, म्हणजे डोळ्यांना दिसतं तेवढंच घासा, त्यापुढे जाण्यात अर्थ नाही. धुवा आणि पुन्हा करा. वर्षभराची काजळी असेल तर तीन फेऱ्या लागतात. ब्रशला काळं लागायचं थांबलं की हे काम झालं.

तारेची घासणी वापरू नका. तिचे लोखंडी कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि चार दिवसांनी तेच गंजून तपकिरी ठिपके दिसतात. टॉयलेट क्लीनर किंवा फरशीचं ॲसिड तर त्याहून वाईट. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि त्यातलं क्लोराइड स्टेनलेसला बारीक खड्डे पाडतं. कोकण, गोवा, मुंबईच्या खाऱ्या हवेत हेच काम सावकाश होत असतं, म्हणून किनाऱ्यालगतच्या गाड्यांना दर आठवड्याला साधं पाणी तरी दाखवावं.

पॉलिश

टोक पूर्ण कोरडं करा. मटारच्या दाण्याएवढं मेटल पॉलिश मऊ कापडावर घ्या आणि तळहाताएवढाच भाग दोन-तीन मिनिटं चोळा. स्टेनलेसवर कापड काळं होईल. ते धातूच्या वरच्या थराचं आहे, घाबरू नका. वाळायच्या आत स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून घ्या. टोकाजवळचा सोनेरी-निळा उष्णतेचा डागही यानेच जातो, फक्त दोन-तीन वेळा करावं लागतं.

हट्टी डागांसाठी ०००० नंबरचं, म्हणजे सगळ्यात बारीक स्टील वूल पॉलिशमध्ये बुडवून हलक्या हाताने फिरवा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर वर सांगितलेला गंजाचा प्रश्न इथेही येतो. क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून, पाण्यात भिजवून घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ठिपके निघतात आणि क्रोमला ओरखडा पडत नाही. पापुद्रे सुटलेला क्रोम मात्र कशानेही परत येत नाही. तिथे टोकच बदलावं.

स्टेनलेसमध्ये खड्डे पडले असतील तरच वॉटर पेपर: ८००, मग १५००, मग २०००, तिन्ही पाण्यात भिजवून. प्रत्येक पेपर आधीच्या रेघांना आडवा फिरवा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. मधला नंबर गाळला तर शेवटी पॉलिश कितीही लावलं तरी उन्हात रेघा दिसतात.

वर साधं कार्नोबा वॅक्स, म्हणजे गाडीच्या रंगावर लावतात ते मेण, लावून उपयोग नाही. ते सुमारे ८५ अंशांना वितळतं आणि टोक त्याहून तापतं. अलॉय व्हीलसाठी मिळणारं सिरॅमिक किंवा उष्णता सोसणारं सीलंट लावा. ते लावलं की पुढची काजळी नुसत्या शाम्पूने सुटते. पॉलिशचं कापड गाडीच्या रंगावर पुन्हा कधी वापरू नका.

काजळी पाहून काय कळतं

धुण्याआधी टिश्यूने आतून एकदा पुसून पाहा. कोरडी काळी पूड म्हणजे बहुतेक वेळा छोट्या फेऱ्या: थंड इंजिनाला जास्त इंधन मिळतं आणि ते पुरतं जळत नाही. डायरेक्ट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) पेट्रोल इंजिन धडधाकट असलं तरी टोक लवकर काळं करतं. सकाळी टोकातून पाणी ठिबकणं साहजिकच, सीएनजीवर तर जास्तच. चिकट, तेलकट काळं लागलं तर मात्र इंजिन ऑइल जळतंय: व्हॉल्व्ह सील, पिस्टन रिंग किंवा टर्बोचं सील तपासून घ्या. आणि १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक नियमांची) डिझेल गाडी असेल, तर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आत असतो, त्यामुळे टोक जवळजवळ स्वच्छच राहायला हवं. तिथे जाड काजळी दिसली तर पॉलिश बाजूला ठेवा आणि गाडी आधी वर्कशॉपला न्या.