डीएजी असूनही बॅकअपमधून मेल परत आणताना

वणीकडच्या एका जिनिंगमध्ये ऐन कापसाच्या हंगामात हिशेबनिसांच्या मेलबॉक्समधलं सौद्यांचं फोल्डर कायमचं पुसलं गेलं. मालक म्हणाले, "नागपूरचा सर्व्हर हाये ना भाऊ, तिथून काढा!" पण एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या डीएजीत, म्हणजे एकाच डेटाबेसच्या प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या गटात, लॉग (बदलांच्या नोंदी) लगोलग पलीकडे पोचतात, इथं पुसलं की तिथंही पुसलं. मुद्दाम उशिरानं बदल चढवणारी लॅग्ड कॉपी नव्हती.

चालू डेटाबेसवरच बॅकअप चढवायचा तर तो डिसमाउंट (बंद) करा, दुसऱ्या प्रतीचं रेप्लिकेशन थांबवा, मग रीसीड, म्हणजे अख्खी प्रत नव्यानं पाठवणं. तिथल्या ४जीवर? हंगाम उलटला असता.

म्हणून वेगळा रिकव्हरी डेटाबेस केला, फक्त बॅकअपमधून डेटा काढण्यापुरता. बॅकअपमधली ईडीबी (डेटाबेसची मुख्य) फाइल आणि लॉग त्याच्या फोल्डरात उतरवले. 'ईएसईयूटिल /एमएच' या तपासणीच्या कमांडनं डर्टी शटडाउन (काही लॉग चढायचे बाकी) दाखवलं. चालू डेटाबेसच्या बॅकअपात ते असतंच, घाबरू नका. '/आर'नं लॉग चढवले, क्लीन शटडाउन आलं. '/पी' ही दुरुस्ती मात्र शेवटचा उपाय: वहीची खराब पानं फाडून वही नीट झाली म्हणण्यासारखं.

आउटलुकमधून रिकव्हरी डेटाबेस उघडत नाही. तो माउंट (चालू) करून 'न्यू-मेलबॉक्सरिस्टोअररिक्वेस्ट' या कमांडनं तेवढंच फोल्डर मूळ मेलबॉक्समध्ये आणलं. या डेटाबेसची दुसरी प्रत डीएजीत होत नाही, त्यामुळे लोडशेडिंगच्या वेळी तोच सर्व्हर इन्व्हर्टरवर जगवावा लागला. सौदे दिसल्यावर डेटाबेस काढून डिस्क मोकळी केली.