गॅस गिझर पेटतो आणि लगेच विझतो?

कोल्हापुरात पावसाळा लागला की गॅस गिझरची ही तक्रार ठरलेलीच. मेकॅनिकला फोन करण्याआधी तो नेमका कधी विझतो ते बघा.

टिकटिक मंद येते किंवा येतच नाही? मग खालच्या डबीतले दोन मोठे सेल बदला. सेल नवे असूनही तेच, तर दमट हवेने डबीतल्या, सेलला टेकणाऱ्या पत्तीवर गंज चढलेला असतो; तो घासून काढा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात, हा माझा अनुभव.

स्वयंपाकघरातला नळ सोडला की विझतो? पाण्याचा दाब कमी पडतोय. गिझर पाण्याच्या दाबावरच चालू होतो. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गढूळ होतं, टाकीतही गाळ बसतो. पाणी आत येतं तिथली छोटी जाळी काढून जुन्या टूथब्रशने धुवा. टाकी बाथरूमच्या अगदी डोक्यावरच असेल तर मात्र जाळी धुऊन फारसा फरक पडणार नाही, टाकीच उंच करावी लागेल.

ज्योत पेटून चार-पाच सेकंदांत जाते? बर्नरजवळच्या, ज्योत पेटली का ते ओळखणाऱ्या सेन्सरच्या काडीवर काजळी असेल. जुन्या, पायलट ज्योतीच्या (सतत तेवणारी छोटी ज्योत) गिझरमध्ये हेच काम थर्मोकपल करतं. याची सफाई मेकॅनिककडूनच करून घ्या.

बरोबर २० मिनिटांनी बंद पडत असेल तर तो बिघाड नाही, बऱ्याच गिझरमध्ये तसा टायमरच असतो.

ज्योत पिवळी दिसली किंवा अंघोळ करताना डोकं जड झालं, तर गिझर बंद करून लगेच बाहेर या. तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, आणि त्याला वास नसतो. गॅसचाच वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ हा गॅसगळतीचा हेल्पलाइन नंबर लावा.