थंड इंजिन सकाळी थरथरतंय? गाडी गरम करून गॅरेजला नेऊ नका, आधी हे बघा

सकाळी सेल्फ मारला की गाडी चालू तर होते पण सीट, स्टेअरिंग सगळं थरथरतं, आरपीएमचा काटा वरखाली होतो, गेटपाशी जाईपर्यंत एखाद वेळेस बंदही पडते, आणि पाच-दहा मिनिटांनी इंजिन गरम झालं की एकदम लोण्यासारखी चालते. हिवाळ्यात नाशिक-निफाडकडे हा त्रास जास्त जाणवतो. (हे सगळं पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांबद्दल आहे, डिझेलचं प्रकरण वेगळं.)

यात सगळ्यात मोठी गोची म्हणजे आपण गाडी चालवत गॅरेजला नेतो, तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम होतं, मेकॅनिकला काहीच दिसत नाही आणि मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं, आज प्लग, उद्या कॉइल (प्लगला करंट देणारी), परवा फ्युएल पंप. त्यामुळे एकतर गाडी रात्रीच गॅरेजला लावून या, सकाळी त्यांनाच पहिला सेल्फ मारू दे, नाहीतर घरी स्वतः तपासा. फक्त बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुराने जीव जातो.

आधी नॉर्मल काय ते माहीत पाहिजे. थंड इंजिन सुरुवातीला १२००-१५०० आरपीएमवर चालतं आणि हळूहळू ७००-८५० वर येतं, हा बिघाड नाही. थंड धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो, आणि ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) साधारण ३०० डिग्रीला तापेपर्यंत कामच करत नसल्यामुळे तोवर ईसीयू कूलंट आणि हवेच्या सेन्सरच्या भरवशावर चालतो. म्हणून गरम इंजिनात लपणारी बारीक खोट सकाळी उघडी पडते.

आता काटा बघा. काटा एका जागी स्थिर आहे, सायलेन्सरचा आवाज एकसारखा आहे आणि तरी गाडी हादरते, तर बहुतेक इंजिन माउंटिंगचं (इंजिन ज्यावर बसतं त्याचं) रबर गेलंय, बाकी काही खोलू नका. काटा नाचतोय किंवा सायलेन्सरमधून मधेच ठोका चुकल्यासारखा आवाज येतोय तर ते खरं मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, मग पुढे चला.

ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर (ईसीयूला जोडून सेन्सरचे आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारा) घ्या, पार्ट बदलत बसण्यापेक्षा खूप स्वस्त पडतो. तो सकाळी इंजिन चालू करायच्या आधीच लावायचा, फक्त चावी ऑन करून. कूलंट टेंपरेचर आणि आत येणाऱ्या हवेचं टेंपरेचर असे दोन आकडे बघा. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही बाहेरच्या हवेइतकेच असायला हवेत. बाहेर १२ डिग्री, हवेचा सेन्सर १३ दाखवतोय आणि कूलंट ५५, म्हणजे कूलंट सेन्सर खोटं बोलतोय, ईसीयूला वाटतं इंजिन गरमच आहे आणि तो पेट्रोल कमी सोडतो. सेन्सर बदलायच्या आधी त्याचा कनेक्टर काढून गंज बघून घ्या, कित्येकदा तेवढंच असतं.

मग कोड वाचा. पी०३०१ ते पी०३०४ आला तर शेवटचा आकडा म्हणजे मिस करणारा सिलिंडर. समजा पी०३०२ आहे आणि प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे, तर इंजिन बंद करून २ नंबरची कॉइल ३ वर आणि ३ ची २ वर लावा, कोड पुसा, दुसऱ्या दिवशी परत थंड स्टार्ट करा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. कोड २ वरच राहिला तर बहुतेक प्लग नाहीतर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा).

प्लग थंड इंजिनावरच काढायचे. टोक फिकट तपकिरी असेल तर चांगलं, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमजोर, पांढरंफटक म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, तेलकट असेल तर इंजिनात ऑइल शिरतंय. प्लगच्या टोकाची गॅप मॅन्युअलप्रमाणे फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, नजरेने नाही. बसवताना आधी हाताने आटे धरू द्या मगच पाना लावा, हेडचे (प्लग बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाचे) आटे गेले तर खर्च कितीतरी पटीने वाढतो.

सगळेच सिलिंडर थोडे थोडे मिस करत असतील तर थ्रॉटल बॉडी बघा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमी-जास्त करणारा भाग. पाकळीच्या कडेला काळा चिकट कार्बन साचला की आयडलिंगची (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तेव्हाची) हवा अडते. थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन पुसा, चावी ऑफ ठेवून, आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोरात ढकलू नका. साफ केल्यावर काही गाड्यांत आयडल परत शिकवावं लागतं, ते स्कॅनरवाल्याकडून करून घ्या.

पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) आला तर कुठूनतरी जादा हवा शिरत असू शकते. व्हॅक्यूम पाइप आणि मॅनिफोल्डचं (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट थंडीत आकसतं तेव्हा फट उघडते, गरम झालं की बुजते, म्हणून दुपारी काहीच सापडत नाही. पाइप हाताने वाकवून चिरा बघा, नाही सापडलं तर स्मोक टेस्ट (आत धूर सोडून फट शोधणं) करून घ्या. चालू इंजिनावर क्लीनर फवारून लीक शोधायची पद्धत मला पसंत नाही, आग लागू शकते.

सीएनजीवाल्यांनी एक गोष्ट नक्की बघा. बऱ्याच सीएनजी गाड्या थंड असताना पेट्रोलवर चालू होतात आणि थोडं गरम झालं की गॅसवर जातात. गॅसवर गेल्या गेल्या थरथर थांबत असेल तर बिघाड पेट्रोलच्या बाजूला आहे. टाकीच्या तळाशी महिनोन्महिने पडून शिळं झालेलं पेट्रोल, त्याने चिकटलेले इंजेक्टर, हेच बहुतेक वेळा निघतं. ताजं पेट्रोल भरा आणि आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवा, तरीही फरक नाही तर इंजेक्टर मशीनवर साफ करून घ्या.

कूलंट मात्र हलक्यात घेऊ नका. दर काही दिवसांनी पातळी खाली जातेय, बाहेर कुठे गळती नाही, सकाळी पहिली एक-दोन मिनिटं मिसिंग आणि गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर रात्री हेड गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये उतरत असण्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी चालवत न्यायची नाही, टो करूनच न्यायची, आणि गॅरेजला सांगताना "सकाळी मिसिंग" एवढंच न सांगता कूलंट किती दिवसांत किती कमी झालं तेही सांगा म्हणजे ते थेट प्रेशर टेस्टनेच सुरुवात करतील.