अकूस्टिक गिटार शिकायचीय? क्लास शोधायच्या आधी ऐकायला जा

नवीन शहरात आलोय, जरा सेटल झालोय, आता गिटार शिकायचीय तर एखादा चांगला क्लास सांग ना, असं मला बरेच जण विचारतात. मी क्लासचं नाव न सांगता उलटंच विचारते, की समोर बसून, स्पीकर न लावता वाजवलेली गिटार शेवटची कधी ऐकलीस? बहुतेकांनी ऐकलेलीच नसते, सगळं ऐकणं फोनवर. आता गिटारची सगळ्यात जाड तार, म्हणजे सहावी, खर्जातली ई, तिचा मूळ स्वर साधारण ८२ हर्ट्झचा. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो जवळपास येतच नाही, आपल्याला त्याच्या वरचे स्वरांश ऐकू येतात आणि खालचा स्वर मेंदू स्वतःच भरून घेतो. म्हणजे अंगठ्याने जो खर्ज वाजतोय तोच नेमका हरवतो, आणि फिंगरस्टाईलमध्ये, म्हणजे बोटांनी वेगवेगळ्या तारा छेडत वाजवण्यात, निम्मं काम तर अंगठाच करतो! मग लोक वरची चाल तेवढी पाठ करतात आणि आपलं वाजवणं असं पोकळ का वाटतंय म्हणून डोकं धरून बसतात.

म्हणून आधी ऐकायला जा. कुठे, तर सगळ्यात सोपं म्हणजे ओपन माइक, जिथे कुणीही मंचावर येऊन वाजवू शकतं. कॅफेत, छोट्या थिएटरात, कॉलेजच्या आवारात, कुठे ना कुठे चालूच असतात. पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच, आधी नाव नोंदवायचं, मग दोन गाणी किंवा दहाएक मिनिटं मिळतात. वाजवणाऱ्यांचा दर्जा एकसारखा नसतो आणि शिकणाऱ्याला हेच तर हवं असतं. एकापाठोपाठ एक माणसं त्याच चार कॉर्ड्स (एकदम वाजवायचे स्वरांचे गट) वाजवतात आणि एकाचं ऐकत राहावंसं वाटतं, दुसऱ्याचं नाही, मग हा फरक कशामुळे पडला हे शोधत बसायचं. बहुतेक वेळा उत्तर उजव्या हातात असतं. नवखे लोक कायम डाव्या हाताकडे बघतात, कुठली कॉर्ड धरली ते, पण ती काय, चार्टवर पण सापडते. उजव्या हाताचा ठेका, कुठली तार जोरात, कुठली नुसती चाटून गेली, कुठे तळव्याने आवाज दाबला, हे कागदावर नीट येत नाही. त्यामुळे बसताना समोर मधोमध न बसता थोडं बाजूला बसा, जिथून उजवं मनगट दिसेल असं.

एक सावधगिरी. ओपन माइकला गिटार बहुतेक पिकअपमधून, म्हणजे गिटारमध्येच बसवलेल्या छोट्या यंत्रातून, स्पीकरवर येते. त्यातला पिएझो प्रकारचा पिकअप ब्रिजवरच्या (पोटावर तारा अडकवतात तो तुकडा) त्या पांढऱ्या पट्टीखाली बसवलेला असतो, तो हवेतला आवाज पकडत नाही, पट्टीवरचा दाब पकडतो, त्यामुळे आवाज जरा प्लॅस्टिकसारखा टणटणीत येतो. तो ऐकून ही गिटार वाईट, ती चांगली असं ठरवू नका, तीच गिटार घरी नुसती वाजवली तर ओळखूही येणार नाही इतकी वेगळी लागते. शक्य असेल तर कार्यक्रमाच्या आधी जा, लोक कोपऱ्यात बसून ट्यूनिंग करत, बोटं गरम करत असतात, खरी ऐकण्यासारखी गिटार तिथेच असते.

दुसरी जागा, आणि ही माझी सगळ्यात लाडकी, ती म्हणजे संगीत कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांच्या मैफली. शहरात पाश्चात्त्य संगीत शिकवणारी संस्था असेल तर तिथे सत्र संपत आलं की मुलं वाजवतात, बऱ्याचदा तिकीट नसतं, हॉल छोटा, माइक नाही, नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार आणि पुढच्या रांगा रिकाम्या. जाऊन बसा पुढे. जर्मन संगीतकार बाखच्या रचना असतात, तारेगाच्या असतात (फ्रान्सिस्को तारेगा, १८५२ ते १९०९, गिटारवाल्यांचा अगदी घरचा माणूस), एकच माणूस एकाच वेळी खर्ज आणि चाल दोन्ही सांभाळतोय हे तिथे डोळ्यांनी दिसतं. तुम्हाला पुढे क्लासिकल वाजवायचं नसेल तरी जा. कित्येक शहरांत क्लासिकल गिटार सोसायटी पण असतात, त्यांच्या बैठकीत सभासदच आळीपाळीने वाजवतात, थरथरत्या हाताने वाजवणारे पण असतात, नवख्याला बरं वाटतं.

तिसरी जागा कुणी सांगत नाही, ती म्हणजे गिटार दुरुस्त करणाऱ्याचं वर्कशॉप. आपली गिटार न्यायला आलेला प्रत्येक माणूस ती आधी वाजवून बघतो, त्यामुळे तासभर तिथे रेंगाळलं की वेगवेगळे हात ऐकायला मिळतात. शिवाय शहरात कोण खरंच चांगलं शिकवतं हे दुरुस्तीवाल्याला पक्कं माहीत असतं, कारण कुणाच्या विद्यार्थ्यांच्या गिटारी नीट ठेवलेल्या येतात आणि कुणाच्या तारा गंजलेल्या, हे तो रोज बघतो.

रस्त्यावर वाजवणारे असतील तर तेही जरूर ऐका, पण आवाजाचा पोत ऐकायला नाही, गोंगाटात त्यांना जोरात वाजवावंच लागतं. लय ऐकायला. बस आली, मूल रडलं, कुणी मधूनच आडवं गेलं तरी ठेका हलत नाही अशी माणसं तिथे भेटतात. आणि बाहेरून कुणी नावाजलेला फिंगरस्टाईल वादक येणार असेल तर संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी दिवसा त्याचं शिकवण्याचं वर्कशॉप आहे का ते विचारा. नुसतं श्रोता म्हणून बसायला मिळालं तरी सोडू नका, मोठ्या मंचापेक्षा तिथे जास्त कळतं.

आता शिकायचं. मला माझे सर क्लासच्या यादीतून नाही सापडले. एका ओपन माइकला एक मुलगा अगदी साधी रचना वाजवत होता, काही विशेष करामत नाही, पण अंगठा असा घड्याळासारखा चालला होता की मी उठून त्यालाच विचारलं, कुणाकडे शिकतोस? तोपर्यंत मी एका ग्रुप क्लासला जात होते, तिथे आम्ही सगळे एकदम स्ट्रमिंग (सगळ्या तारांवरून एका झटक्यात हात फिरवणं) करायचो, मजा यायची, लयीत टिकून राहायची सवयही लागली, पण माझं मनगट आखडतंय हे इतक्या जणांत कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. नवीन सरांनी पहिल्याच दिवशी गिटार मांडीवर कशी धरलीय तेवढंच बघितलं. माझं मत असं झालंय की सुरुवातीचे काही महिने शिक्षकाकडे एकट्याने शिका, हात बसू द्या, मग ग्रुपमध्ये जा. उलट क्रमाने पण चालतं, पण मग हाताच्या सवयी सोडवण्यात वेळ जातो.

शिक्षक ठरवायच्या आधी स्वतःला एक गोष्ट विचारा, मला गाण्याला साथ करायचीय, का फिंगरस्टाईल वाजवायचीय, का क्लासिकल? ही जवळजवळ तीन घराणी आहेत, गिटार पण वेगळी लागते. क्लासिकलला नायलॉनच्या तारा आणि मान रुंद, वरच्या टोकाला नटजवळ (तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) साधारण ५२ मिलिमीटर, स्टीलच्या तारांच्या गिटारची साधारण ४३. आणि कृपा करून क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावू नका. स्टीलच्या लाइट सेटचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास जातो, नायलॉनचा ४० च्या आसपास, म्हणजे ब्रिज उखडलाच म्हणून समजा.

ट्रायल क्लासला गेलात की शिक्षकाला सांगा, माझ्याबरोबर वाजवा. जो शिक्षक तासभर नुसता बोलतो किंवा नुसता स्वतः वाजवून दाखवतो तिथे मी तरी जाणार नाही. तो तुमचं गाणं कानाने ऐकून बसवायला शिकवतो का, का दर वेळी छापील टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते दाखवणारा कागद) हातात देतो, हे पण बघा, टॅब वाईट नाही पण फक्त टॅबवर शिकलेला माणूस जॅममध्ये, म्हणजे चार जणांत आयत्या वेळी वाजवताना, अडकतो. आणि एकच पद्धत खरी असं ठासून सांगणाऱ्यापासून जरा लांब. अमेरिकन गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस मुख्यतः अंगठा आणि तर्जनी एवढ्यावर वाजवायचा, त्याच्यावरून शिकलेला चेट अॅटकिन्स जास्त बोटं वापरायचा. एलिझाबेथ कॉटन डावखुरी, उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरायची, त्यामुळे तिचा अंगठा चाल वाजवायचा आणि बोटं खर्ज. जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ च्या आगीत निकामी झाली तरी तो उरलेल्या दोन बोटांवर सोलो वाजवायचा. माझी बोटं जाड आहेत, आखूड आहेत, हे रडगाणं बंद!

ग्रेड परीक्षा द्यायच्या का, हा प्रश्न येतोच. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या ब्रिटिश परीक्षा संस्थांच्या क्लासिकल गिटारच्या आठ ग्रेड असतात, रॉकस्कूलचा अकूस्टिक गिटारचा वेगळा अभ्यासक्रम आहे. एबीआरएसएमच्या वाजवण्याच्या परीक्षेत सहाव्या ग्रेडपासून पुढे जायचं असेल तर बहुतेकांना आधी पाचव्या ग्रेडची थिअरी द्यावी लागते, हे लोकांना फार उशिरा कळतं. पुढे शिकवायचा विचार असेल तर परीक्षा द्या. मित्रांमध्ये वाजवायचंय एवढंच असेल तर त्यापायी वर्षभर तीनच रचना घोटत बसू नका.

आणि क्लास लावायच्या आधी गिटार सेटअप करून, म्हणजे तारांची उंची वगैरे नीट बसवून, घ्या, हे मी हात जोडून सांगते. नवीन गिटारच्या तारा बऱ्याचदा उंच असतात. बाराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) सहाव्या तारेची उंची साधारण अडीच मिलिमीटरपेक्षा बरीच जास्त असेल तर बोटं सोलवटून निघतील. कितीतरी जण एफ कॉर्डपाशी गिटार सोडून देतात आणि समजतात की आपल्यातच ताकद नाही. घरच्या घरी तपासा, तोच बार आकार (एक बोट सगळ्या तारांवर आडवं) पाचव्या फ्रेटवर धरून बघा, तिथे स्वच्छ वाजला आणि पहिल्यावर अजिबात नाही तर नटच्या खाचा उंच राहिल्यात अशी दाट शक्यता आहे, दुरुस्तीवाल्याचं फार वेळाचं काम नाही ते. तारा १२ नंबरच्या (आकडा मोठा तशी तार जाड) असतील तर ११ किंवा १० चा सेट लावा, त्यात कमीपणा काही नाही.

थोडा हात बसला की जॅमला जा. लोकसंगीताच्या सेशनमध्ये, विशेषतः आयरिश धाटणीच्या, एका वेळी एकच गिटार बरी असा बऱ्याच ठिकाणी संकेत असतो, कारण दोघांनी वेगवेगळ्या कॉर्ड्स धरल्या की सगळं गढूळ होतं. म्हणून गिटार बाहेर काढायच्या आधी विचारा. तिथे डी-ए-डी-जी-ए-डी ट्यूनिंग (जाड तारेपासून सहा तारा याच स्वरांत लावायच्या) वारंवार दिसेल, इंग्लिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहमने साठच्या दशकात ते रुळवलं आणि मग आयरिश साथीत पक्कं बसलं. त्यात मेजर-मायनर असा ठळक शिक्का बसत नाही म्हणून चालीला मोकळीक मिळते. तुम्हाला ते येत नसेल तर गप्प बसून ऐका, तारांवर हात ठेवून नुसता ठेका धरा, कुणी काही म्हणत नाही.

मग स्वतःच्या पहिल्या ओपन माइकची वेळ. तारा बदलायच्या तर दोन दिवस आधीच बदला, नव्या तारा ताणत राहतात आणि मंचावर सूर उतरतो. आवाज घुमायला लागला, हुंऽऽ असा, तर घाबरू नका, गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आपसूक घुमते आणि स्पीकर तिला अजून चेतवतो. मधल्या भोकावर बसणारं रबरी झाकण मिळतं ते सोबत ठेवा, नाहीतर साउंडवाल्याला बेस थोडा कमी करायला सांगा आणि स्पीकरकडे तोंड करून उभे राहू नका. पिकअपमध्ये बॅटरी असेल तर ती आदल्या दिवशी तपासा. गिटारला पिकअपच नसेल तर ते नाव नोंदवतानाच सांगा, म्हणजे ते एक माइक गिटारसाठी लावतील, तो भोकाच्या अगदी समोर नको, मान जिथे पोटाला मिळते तिथे, वीतभर अंतरावर ठेवायला सांगा. आणि गाणार नसाल, फक्त वाजवणार असाल तर तेही आधीच बोलून ठेवा, नाहीतर तुमच्या तोंडासमोर माइक आणून ठेवतील आणि लोक तुम्ही गायला कधी सुरुवात करताय याची वाट बघत बसतील.